उघड्या नळीवरची अक्षता

नागोजीराव माने विनाकारण रागावत नसत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. म्हैसूरच्या बन्नीमंटप भागातील ज्या गल्लीत त्यांचे मोटारींच्या एसीचे वर्कशॉप आहे, तेथील लोक म्हणत की म्हातारा उगाच ओरडतो. परंतु ते खरे नव्हे. कारण प्रत्येक वेळी असे. फक्त ते इतके बारीक असे की दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडत नसे. एखादा वॉशर उलटा बसलेला, एखादी रबरी रिंग तेलाचे बोट न लावता कोरडीच चढवलेली, एखादा पाना खुंटीवर न अडकवता टेबलावर टाकलेला. नागोजीरावांच्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेने असत, एक निळे आणि एक लाल. निळे पेन काम लिहिण्यासाठी होते. लाल पेन चुका लिहिण्यासाठी होते, आणि त्याची शाई लवकर संपत असे.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते. घोडे गेले, पगडी गेली, आणि घरात उरली ती एक तलवार व खंडेनवमीची पूजा. नागोजीरावांचे वडील बसडेपोत मेकॅनिक झाले तेव्हा तलवारीशेजारी पाने आणि पक्कडी मांडल्या जाऊ लागल्या. पुढे नागोजीराव आयटीआयमधून शीतयंत्रांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले, एकोणीसशे सत्त्याऐंशी साली त्यांनी स्वतःचे वर्कशॉप काढले, आणि त्या पाटावर प्रेशरच्या घड्याळांची जोडी, व्हॅक्यूम पंप आणि तेल मोजण्याचे काचेचे माप यांची भर पडली. पूजा मात्र वडिलांनी घालून दिली तशीच. यंत्राच्या उघड्या धातूला हळदकुंकू लागले पाहिजे. वर रंग असेल, कापड असेल, प्लास्टिक असेल, तर ते बाजूला सारून लागले पाहिजे. आणि एकदा अक्षता पडली की विजयादशमीला उत्तरपूजा होईपर्यंत कोणत्याही हत्याराला हात लावायचा नाही.

वर्कशॉपच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगाने कन्नडमध्ये अकरा नियम लिहिलेले होते. दहा नियम पहिल्यापासूनचे होते. सातवा मागाहून, दोन ओळींच्या मधल्या जागेत दाटून लिहिलेला होता: 'कंप्रेसरमध्ये घालायचे तेल मापात दाखवल्याखेरीज आत घालू नये.' हा नियम दोन हजार सहा सालचा. त्याच साली या गल्लीत एक नवा शब्दप्रयोगही रूढ झाला. हयगय करणाऱ्या माणसाला नागोजीराव गरजत, "हरिहर माडबेड!" म्हणजे हरिहर करू नकोस. शेजारच्या पत्रे ठोकणाऱ्या टिंकरने तो उचलला, समोरच्या बॅटरीवाल्याने उचलला, आणि अठरा वर्षांत तो गल्लीबाहेर इतका दूर गेला की म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना हरिहर नावाचा कोणी माणूस होता हेही ठाऊक नव्हते.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टअखेरीस एका सकाळी एक पांढरी कॉन्टेसा दुसऱ्या गाडीला दोर बांधून गल्लीत आली. तिच्यातून उतरले ते विश्राम कुलकर्णी, मूळचे सोलापूरचे, वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसुरात आलेले संगणक अभियंता.

"काका, नमस्कार. इंजिनाचं काम आता इथून पुढच्या गॅरेजला करून घेतो. तुम्ही फक्त एसीचा गॅस भरून द्या."

नागोजीरावांनी हातातले फडके घडी करून खिशात ठेवले. हे लक्षण चांगले नव्हते.

"तुमच्या घरची पाण्याची टाकी रिकामी झाली, तर तुम्ही गळती बघता, का टँकर मागवता?"

"गळतीच बघीन."

"मग गाडीनं काय पाप केलंय? फक्त गॅस भरा म्हणे! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आधी दोन ठिकाणी विचारलं. ते म्हणाले, अर्ध्या तासात भरून देतो."

"भरतील की! अर्ध्या तासात भरतील, महिन्यात उडून जाईल, परत भरतील. गॅस काय पेट्रोल आहे जळून संपायला? बंद नळीतला गॅस जातो कुठं, हा प्रश्न एकालाही पडत नाही! डॉक्टर म्हणवतात, आणि जखम न बघता रक्ताच्या बाटल्या लावत बसतात!"

विश्राम दोन पावले मागे सरले. पण ते चिवट गृहस्थ होते. "काका, माझे वडील बारा वर्षं एका गिरणीमालकाची कॉन्टेसा चालवत होते. मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. दिवाळीला त्यांना मागं बसवून, काचा बंद करून, थंडगार फिरवायचंय. लागेल तेवढे दिवस घ्या."

नागोजीराव काही बोलणार, तोच त्यांची दृष्टी नंबरप्लेटवर गेली. मग त्यांनी बॉनेट उघडले. डाव्या बाजूला, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, रुपयाएवढी पितळी चकती होती. त्यांनी केलेल्या प्रत्येक गाडीवर ते अशी चकती लावत. तिच्यावर कोरलेले होते: 'एन. एम., ३-१०-०६'.

"ही शेषगिरींची गाडी," ते म्हणाले.

"हो. ते गेले मागच्या वर्षी. मुलाकडून मी घेतली. मुलगा म्हणाला, वडिलांनी एसीला नंतर कुणाला हात लावू दिला नाही. 'त्या माणसानं नासवलं, आता कुणी उघडायचं नाही,' असं म्हणायचे म्हणे." विश्राम थबकले. "तो माणूस म्हणजे... तुम्ही नव्हे ना?"

"मी नव्हे!" नागोजीराव इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या बॅटरीवाल्याने मान वर केली. "ठेवा गाडी. आता मीच उघडून दाखवतो कुणी नासवलं ते."

जे घडले होते ते असे. शेषगिरी हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, नागोजीरावांइतकेच काटेकोर गृहस्थ. गाडीतला जुन्या जातीचा गॅस बाजारातून उठला, म्हणून त्यांनी दसऱ्याच्या आधी कॉन्टेसा आणून दिली. नव्या जातीचा गॅस घालायचा तर जुने तेल काढून नवे घालावे लागते, नळ्या खोलाव्या लागतात, रबरी रिंगा बदलाव्या लागतात. हे काम नागोजीराव आणि त्यांचा भागीदार हरिहर जाधव यांनी मिळून केले. हरिहर दहा वर्षांनी लहान, त्यांच्याच जातीतला, त्यांनीच शिकवून तयार केलेला. तेल घालणे हे त्याचे काम. गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिली. तीन आठवड्यांनी शेषगिरी ती घेऊन परत आले तेव्हा कंप्रेसर आतून जाम झालेला होता. नागोजीरावांनी गॅस सोडला, कंप्रेसरचा बोल्ट काढून आत तेल मोजण्याची काडी घातली. काडी कोरडी निघाली.

पुढे काही शोधायची गरज आहे असे त्यांना वाटले नाही. शेषगिरी आणि गल्लीतले दहा-बारा लोक उभे असताना ते हरिहरला म्हणाले, "तेल घातलं नाहीस."

"घातलं, अण्णा. दीडशे मिलिलिटर. मापून घातलं."

"काडी खोटं बोलत नाही. तू बोलतोयस."

हरिहरने हातातला पाना खुंटीवर नीट अडकवला आणि तो निघून गेला. शेषगिरीही गाडी ओढून घेऊन गेले. त्यानंतर नागोजीरावांनी फळ्यावर सातवा नियम लिहिला.

आता अठरा वर्षांनी तोच खटला पुन्हा त्यांच्या टेबलावर आला होता आणि त्यांना त्याचा आनंदच झाला. या अठरा वर्षांत त्यांची पत्नी भागीरथीबाई दर दसऱ्याला एकदा तरी म्हणत, "खरंच घातलं असेल हो त्यानं. तो पोरगा खोटं बोलणारा नव्हता." आणि दर दसऱ्याला नागोजीराव जेवता जेवता ताट सारत. आता गाडी होती, तशीच्या तशी, कोणाचाही हात न लागलेली. एकदाचा निकाल लागेल आणि भागीरथीबाईंचे तोंड बंद होईल, या विचाराने त्यांनी लाल पेनात नवी रिफील घातली.

काम त्यांनी स्वतःच करायचे ठरवले. पहिल्या दिवशी कंप्रेसर उतरवला. आत खरोखरच थेंबही नव्हता; पिस्टन घासून काळे पडले होते. "बघा!" ते विश्रामना फोनवर म्हणाले. "अगदी सुका! माणसाला नरड्यात पाणी न घालता पळवल्यासारखं पळवलंय!"

दुसऱ्या दिवशी कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असते ती जाळीदार चौकट, आणि तिच्याशेजारचा गॅस गाळणारा डबा उतरवला. ते दोन्ही धुण्याआधी उलटे करून, नायट्रोजनचा झोत मारून रिकामे करायचे, हा त्यांचाच तिसरा नियम. झोत मारला आणि नळीच्या तोंडातून काळपट, दाट तेल गळू लागले. नागोजीरावांनी सवयीने खाली काचेचे माप धरले. धार थांबेना. वीस. पन्नास. ऐंशी. गाळणीचा डबा उपडा केला. एकशे दहा. एकशे पस्तीस.

त्यांनी माप बाहेरून फडक्याने पुसले. मग उजेडाकडे धरून पाहिले. मग टेबलावर ठेवून, गुडघ्यावर बसून, डोळे रेषेला समांतर आणून पाहिले. एकशे पस्तीस मिलिलिटर. उरलेले पंधरा गॅसबरोबर उडाले आणि नळ्यांच्या आत चिकटून राहिले असे धरले, तर दीडशे.

"शेषगिरींनी नंतर कुणाकडून तरी तेल घालून घेतलं असणार," ते मोठ्याने म्हणाले.

ऐकायला कोणी नव्हते, आणि अठरा वर्षांपूर्वी काडी घालून झाल्यावर कंप्रेसरच्या बोल्टावर त्यांनीच ओढलेली लाल रंगाची खुणेची रेघ काल तो उतरवेपर्यंत अभंग होती. त्यांना भयंकर राग आला. कोणाचा ते त्या क्षणी त्यांना सांगता आले नसते. पण त्यांनी फडके भिंतीवर आपटले.

तेल घातलेले होते, पण ते पुढे जाऊन अडकले होते. कंप्रेसरकडे परतलेच नव्हते. वाट कुठे तरी बुजलेली होती. अशी बुजण्यासारखी जागा एकच. गाळणीच्या डब्यातून निघालेली नळी जिथे गाडीच्या आतल्या बाजूला एका लहान व्हॉल्व्हला मिळते, तिथे त्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास नागोजीरावांनी तो व्हॉल्व्ह काढला आणि चिमट्याने जाळी बाहेर ओढली.

जाळी पिवळट तांबूस चिखलाने भरलेली होती. त्यात चार-पाच दाणे होते.

त्याच वेळी भागीरथीबाई मागच्या दारातून कॉफी घेऊन आल्या. घर वर्कशॉपच्या मागेच होते.

"काय हो ते?"

"गंज. आणि गाळणीतले दाणे फुटून आलेत. त्या डब्यात ओल शोषायचे दाणे असतात. हलका माल. त्या हरिहरनंच आणला असणार."

भागीरथीबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "द्या इकडं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"सुम्नीरा हो, गप्प बसा." त्यांनी एक दाणा चिमटीत घेतला आणि नखाने दाबला. तो मधोमध, स्वच्छ, दुभंगला. "हा तुमच्या डब्यातला दाणा? हा तांदूळ आहे."

"तांदूळ! गाडीत तांदूळ कुठून येईल? अक्कल आहे का तुला? चिखल बघ, गंज आहे तो, गंज!"

गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी केलेली वाटी टेबलावर होती. भागीरथीबाईंनी त्यात बोट बुडवले आणि जाळीवरच्या पिवळ्या चिखलावर एक थेंब सोडला. थेंब पसरला आणि पसरता पसरता लालभडक झाला.

"चाळीस वर्षं तुमच्या सदऱ्यांवरचे आमटीचे डाग धुतेय," त्या म्हणाल्या. "गंज साबणानं लाल होतो काय? ही हळद आहे. आणि ही अक्षता आहे. खंडेनवमीची. माझ्या हातानं निवडलेली."

त्यांनी कॉफी ठेवली आणि त्या आत गेल्या. नागोजीरावांनी कॉफी घेतली नाही.

त्यांना ते दृश्य आठवले. वास्तविक ते कधी विसरले नव्हते, फक्त त्याकडे त्यांनी पाहिले नव्हते. दोन हजार सहाची खंडेनवमी. कॉन्टेसाचे बॉनेट उघडे, नळ्या खोललेल्या, प्रत्येक नळीच्या तोंडावर लाल प्लास्टिकची टोपी. टोप्या त्यांनीच हरिहरकडून लावून घेतलेल्या, कारण उघडी नळी हवेतली ओल आणि धूळ पिते, हा त्यांचा पहिला नियम. पूजा करता करता ते कॉन्टेसापाशी आले आणि त्यांनी टोप्या काढल्या. प्लास्टिकला कसले हळदकुंकू? धातूला लागले पाहिजे. प्रत्येक नळीच्या ओठाला त्यांनी बोटाने हळद लावली, कुंकू लावले. मग मूठभर अक्षता घेऊन बॉनेटभर उधळली.

हरिहर मागे उदबत्ती धरून उभा होता. तो म्हणाला होता, "अण्णा, टोप्या परत लावूया का?"

आणि ते म्हणाले होते, "अक्षता पडल्यावर हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम."

दसऱ्याला उत्तरपूजा होताच, नळ्या पुसून, एकाही नळीच्या आत न पाहता, त्यांनी स्वतः त्या जोडल्या होत्या.

त्या दिवशी नागोजीरावांच्या रागाने कोणालाही सोडले नाही. वडिलांवर ते रागावले, ज्यांनी प्लास्टिकच्या टोप्यांच्या काळाचा विचार न करता पूजेचा नियम घालून दिला. शेषगिरींवर रागावले, ज्यांनी गाडी त्याच दिवशी पुढे उघडू दिली नाही. भागीरथीबाईंवर रागावले, की तांदूळ इतका बारीक का निवडला. जाडा तांदूळ घेतला असतास तर नळीत गेला नसता, असे ते खरोखर म्हणाले.

"तुम्हीच आणला होता तो तांदूळ," भागीरथीबाई म्हणाल्या.

मग ते हरिहरवर रागावले. "त्यानं ओरडायला पाहिजे होतं! टोप्या लावू या का, असं विचारतात होय? लावा, असं म्हणायला पाहिजे होतं! माझ्या हातातून हिसकावून घ्यायला पाहिजे होतं!"

"तुमच्या हातातून?" भागीरथीबाईंनी वाढता वाढता पळी थांबवली. "आजवर कुणी घेतलंय काही हिसकावून? अहो, सगळ्यांवर रागावून झालं. आता एकच माणूस राहिलाय. त्याच्यावरपण रागवा आणि मोकळे व्हा."

नागोजीरावांनी या वेळी ताट सारले नाही. त्यांनी ते मान खाली घालून संपवले, आणि भागीरथीबाईंना त्याचीच अधिक भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, जाळी आणि दाणे एका काचेच्या बाटलीत घातले, बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तारीख लिहिली आणि स्कूटरवरून हूटगळ्ळीला गेले. हरिहरचे दुकान तिथे कारखान्यांच्या रस्त्याला आहे एवढे त्यांना ऐकून माहीत होते. नाव शोधत ते तीन वेळा त्याच रस्त्याने गेले. 'हरिहर' अशी पाटी कुठेच नव्हती. शेवटी 'विद्याश्री ऑटो कूल' अशा पाटीखाली त्यांना तो दिसला, केस पिकलेला, पोट सुटलेला, एका व्हॅनच्या खाली वाकलेला. विद्याश्री त्याच्या मुलीचे नाव होते.

हरिहरने त्यांना पाहिले आणि तो सावकाश सरळ झाला.

"काय अण्णा? वाट चुकलात?"

"तेल घातलं होतंस," नागोजीराव म्हणाले. आवाज नेहमीसारखाच चढा होता. दुसऱ्या कोणत्या आवाजात हे वाक्य बोलावे हे त्यांना कळले नाही. "एकशे पस्तीस निघालं. वाट बुजली होती. हे बघ काय होतं आत." त्यांनी बाटली पुढे केली. "टोप्या मी काढल्या होत्या. तू विचारलं होतंस. चूक माझी. पूर्ण माझी."

हरिहरने बाटली उजेडात धरून हलवली. दाणे काचेवर वाजले. व्हॅनचा मालक आणि दोन कामगार पाहत होते.

"पाटी बघितलात?" तो म्हणाला.

"बघितली."

"माझं नाव का नाही त्याच्यावर, गोत्ता? माहीत आहे? पहिल्या वर्षी लावलं होतं. हरिहर ऑटो कूल. गिऱ्हाईक यायचं, पाटी वाचायचं आणि हसायचं. गिऱ्हाइकं, अण्णा! ह्या रस्त्याला कोण कुठला स्पेअरपार्टवाला, तोसुद्धा! मागच्या महिन्यात बेळगोळहून नवा मेकॅनिक ठेवला मी. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याला सांगतोय, नट घट्ट आवळ रे, हरिहर माडबेड! माझ्यासमोर! त्याला काय माहीत मालकाचं नाव काय ते. मी काय केलं असेल सांगा. मी हसलो. अठरा वर्षं मी हसतोय!" आता त्याचा आवाज व्हॅनच्या पत्र्याला धडकत होता. "आणि तुम्ही आज एक बाटली घेऊन येता, चूक माझी म्हणता, आणि मी काय, कॉफी मागवू?"

"नको मागवू."

"माझ्या दुकानात येऊन माझ्या कानात सांगून जाता होय? हरिहर खोटारडा, हे कानात सांगितलं होतं? गल्लीत सांगितलं होतं!"

नागोजीरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. आयुष्यात त्यांच्यावर असे कोणी ओरडले नव्हते, आणि ओरडणाऱ्याचे प्रत्येक वाक्य बरोबर होते, हे तर असह्यच होते. "मग गल्लीत सांगतो," ते ओरडले. "ये! कधी येतोस बोल!"

"तीच गाडी. तेल मी घालणार. माप तुम्ही धरायचं. आणि गल्ली जमवायची."

"जमवतो!"

"जमवा!"

दोघेही इतक्या जोरात बोलत होते की व्हॅनच्या मालकाला वाटले, भांडण आता हातघाईवर येणार.

पुढचे तीन आठवडे कॉन्टेसाचे काम चालले. दुसरा कंप्रेसर बसला, कंडेन्सर आणि नळ्या धुऊन निघाल्या, गाळणीचा डबा आणि व्हॉल्व्ह नवे आले, रबरी रिंगा एकूण एक बदलल्या. पंप लावून आतली हवा ओढून घेतली आणि घड्याळाचा काटा पूर्ण एक दिवस एका जागी राहतो की नाही हे पाहिले. विश्राम मध्येच येऊन म्हणाले, "काका, काटा तर काल संध्याकाळपासून हलला नाही. आता भरायला काय हरकत आहे?" तेव्हा त्यांना अशी उत्तरे ऐकावी लागली की त्यांनी पुन्हा विचारले नाही. काटा एक केसभरही हलला नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता हरिहर आला. टिंकर, बॅटरीवाला, पुढच्या गॅरेजचे लोक, सगळी गल्ली जमलेली होती. भागीरथीबाई मागच्या दारात उभ्या होत्या. कोणी काही विचारण्याआधीच नागोजीराव फळ्यापाशी गेले आणि कन्नडमध्ये, हजेरी घ्यावी तशा स्वरात त्यांनी सगळे सांगितले. टोप्या, हळद, अक्षता, हरिहरचा प्रश्न, स्वतःचे उत्तर. बाटली हातोहात फिरली. बॅटरीवाल्याच्या तोंडून हसू निसटले. नागोजीरावांनी त्याच्याकडे असे पाहिले की ते तिथेच विझले.

मग त्यांनी काचेचे माप दोन्ही हातांनी धरले. हरिहर तेल ओतू लागला.

"किती झालं, अण्णा?"

"शंभर."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू येत नाही."

"शंभर!"

"आता?"

"दीडशे!"

"नक्की? का काडी घालून बघता?"

गल्ली हसली. नागोजीरावांनी माप डोळ्यांसमोर आणून रेषा पुन्हा पाहिली. "दीडशे," ते दातांवर दात धरून म्हणाले. "मी बघितलं. घाल आत."

दुपारपर्यंत गॅस तोलून भरला. विश्राम चालकाच्या जागी बसले, इंजिन सुरू झाले, आणि नागोजीरावांनी वाऱ्याच्या झरोक्यात थर्मामीटर धरला. पारा उतरत उतरत सहा अंशांवर थांबला. हरिहरने खिडकीतून हात आत घालून तो थंड वारा तळव्यावर घेतला, क्षणभर तसाच ठेवला, आणि काढून घेतला. तो जायला निघाला तेव्हा नागोजीराव म्हणाले, "चकतीवर तुझंपण नाव घालतो."

"नको. तुमचंच असू दे. तुमचंच काम होतं ते." स्कूटरला किक मारता मारता तो वळला. "अण्णा, आता गल्लीत काय म्हणतील, माहीत आहे ना?"

नागोजीरावांना माहीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टिंकरच्या शेडमधून पहिल्यांदा ते ऐकू आले. उघड्या पेट्रोलच्या टाकीवर कोणीतरी झाकण न लावता निघाले होते, आणि मागून हाक आली, "ए, मुच्चो! नागोजी माडबेड!" झाकण लाव, नागोजी करू नकोस. नागोजीराव पाना घेऊन तीन पावले रस्त्यात गेले. मग ते परत आले, पाना खुंटीवर अडकवला, ब्रश घेऊन फळ्यावरचा सातवा नियम पुसून काढला आणि त्या जागी लिहिले: 'पूजेच्या दिवशी नळ्यांच्या टोप्या काढू नयेत. चूक: एन. माने, २००६.' हे त्यांनी लाल रंगाने लिहिले.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये दोन गाड्या नळ्या खोललेल्या अवस्थेत उभ्या होत्या. तलवार पाटावर होती, घड्याळांची जोडी तिच्याशेजारी होती. नागोजीराव ताम्हन घेऊन पहिल्या गाडीपाशी आले. प्रत्येक नळीच्या तोंडावर लाल प्लास्टिकची टोपी घट्ट बसवलेली होती. सकाळपासून त्यांनी ती तीनदा दाबून पाहिली होती. त्यांनी हळदीचे बोट टोपीवर टेकवले. गुळगुळीत प्लास्टिकवर हळद धरेना, ती ओघळली. त्यांनी पुन्हा लावली, ती पुन्हा ओघळली.

"दरिद्री वस्तू!" ते टोपीवर खेकसले. "एक बोट हळद धरायची अक्कल नाही!"

"पाणी कमी करा हळदीत," भागीरथीबाई मागून म्हणाल्या.

त्यांनी हळद घट्ट कालवली, आणि एकेक टोपी डाव्या हाताने धरून ठेवून, उजव्या हाताने तिच्यावर टिळा लावत ते शेवटच्या नळीपर्यंत गेले. मग अक्षता उचलली, आणि टाकण्याआधी सगळ्या टोप्या पुन्हा एकदा मोजल्या.